आकाराम हवालदाराच्या वाळूतल्या लढाया

कागलात आकाराम कुंभाराला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. पण त्यानं मिलिटरीत नेमकं काय केलं, हे नीट सांगेल असाही माणूस सापडायचा नाही. गावातल्या बाकीच्या पेन्शनरांचं बरं होतं. एकाच्या दंडावर गोळीची खूण होती; पंगतीत वाढायला उभा राहिला की त्याची बाही आपोआप वर जायची. दुसरा पासष्टच्या लढाईत रणगाड्याखालून वाचला होता, आणि तो रणगाडा दरवर्षी थोडा थोडा मोठा होत होता. आकारामाकडे दाखवण्यासारखं काय, तर उजव्या हाताच्या नखांत कायमची बसलेली कपड्याची नीळ.

स्टँडजवळ दिलदारचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता दिलदार गावाची चौकशी करायचा आणि चौकशी करता करता टिंगल.

"काय हवालदार, तुमी किती मारलं?"

"मी व्हय?" आकाराम फळीवर टेकत म्हणायचा. "मी समदी मारली. इजिप्तवालं मारलं, इस्राएलवालं मारलं, अमेरिकन तर पोत्यानं. सांजंला चाळणीनं चाळलं आणि परत पोत्यात भरून ठेवलं."

फळीवरची माणसं हसायची. हसण्यासारखंच होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

आकारामाचा बाप बेंदराला मातीचे बैल करायचा, नागपंचमीला नाग, भाद्रपदात गणपती. पोरगा चाकावर बसायच्या वयात भरती झाला आणि बापाच्या मते वाया गेला. पलटणीत पहिली काही वर्षं त्यानं इतरांसारखीच बंदूक पुसली. मग एका वर्षी बेंदराला रजा मिळाली नाही. आकारामाला चैन पडेना. बॅरेकमागची माती कालवून त्यानं एक खिलारी जोडी केली, वशिंडं बिशिंडं काढून, शिंगांना बूट पॉलिश लावून, आणि ती खिडकीत वाळत ठेवली. नेमके मेजरसाहेब तपासणीला आले.

"ये किसने बनाया?"

आकारामानं टाचा जुळवल्या. सात दिवस पिठ्ठू पाठीवर घेऊन मैदानाला फेऱ्या, असा हिशेब त्यानं मनात धरला होता. साहेबानं बैल उचलून उलटा करून बघितला, पोटाखालचं सगळं जागच्या जागी आहे याची खात्री केली आणि विचारलं, "पहाड बना सकते हो? नदी?"

अशी आकारामाची बदली साहेबलोकांच्या शाळेत झाली. तिथं एक लांबरुंद तंबू होता आणि तंबूत वाळू. त्या वाळूला सँड मॉडेल म्हणायचे. लढाई शिकवायची तर जमीन दिसली पाहिजे. जमीन नाही तर निदान तिचं सोंग. आकारामाचं काम ते सोंग वठवायचं. डोंगर वाळूचे, झाडं म्हणजे हिरव्या रंगात भिजवलेला लाकडाचा भुसा, घरं काडेपेट्यांची, पाणी म्हणजे नीळ. शत्रूसाठी लाल खडूची भुकटी मिळायची, ती त्याला पटेना. त्यानं जोतिबाच्या डोंगरावरनं आणलेला गुलाल वापरायला सुरुवात केली. शत्रूचा मोर्चा जिथं दाट असेल तिथं तंबूत चैत्री यात्रेचा वास सुटायचा.

आणि लढाया सगळ्या परक्या. मेजरसाहेबाचं म्हणणं असं की आपल्या लढाईतनं शिकायचं तर आपलं रक्त लागतं. दुसऱ्याच्या लढाईतनं शिकायला नुसती वाळू पुरते. जगात कुठं तोफ उडाली की महिना दोन महिन्यांत साहेबाच्या टेबलावर इंग्रजी मासिकांचा ढीग पडायचा. साहेब वाचायचा, नकाशे काढायचा आणि हाक मारायचा, "आकाराम, कल सवेरे तक ये देश चाहिए."

देश तयार व्हायचा. मग तरुण साहेबलोक भोवती कोंडाळं करून उभे राहायचे. मेजरसाहेब बांबूची छडी फिरवत लढाई सांगायचा, आणि शेवटी छडी बगलेत मारून एकच प्रश्न विचारायचा, "सबक?" कोणीतरी उत्तर द्यायचा. सदुसष्टच्या इजिप्त-इस्राएल लढाईचा सबक, विमानं उघड्यावर रांगेनं उभी करू नयेत. त्र्याहत्तरचा सबक, सुएझ कालव्याकाठी वाळूचा एवढा मोठा तट बांधून निवांत बसू नये, कारण समोरचा पाण्याचा पंप आणून तो धुऊन काढतो. आकाराम हातात झारी धरून तंबूच्या कनातीला टेकलेला असायचा. त्याला कोणी काही विचारायचं नाही, पण ऐकायला मनाई नव्हती.

एकदा चहा पिताना साहेबानं विचारलं, "तुम्हारी मराठी में इसको क्या बोलते हैं?"

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, साब."

साहेब पंजाबी. त्याला 'ठेच' म्हणता येईना, पण म्हण एवढी आवडली की पुढं दर बॅचला तो ती फळ्यावर लिहायला लावायचा आणि स्वतः वाचायचा. आकाराम तोंडाला फडकं लावून बाहेर जायचा.

सगळ्यांत देखणं मॉडेल त्यानं केलं ते व्हिएतनामचं. नकाशा धड नव्हता. मासिकातले चारदोन फोटो होते. पाण्यानं भरलेली भाताची खाचरं, वाकलेल्या बाया, बांबूची बेटं आणि मधून जाणारी एक अरुंद वाट. आकाराम त्या फोटोंकडं बघत बसला आणि मग दिवसभर हात थांबला नाही त्याचा. साहेब आला, त्यानं वाकून बघितलं. "तुम वहाँ गए थे क्या?" म्हणाला.

त्या दिवशीचा सबक आकारामाच्या मनात घर करून राहिला. त्या मुलखात अमेरिकन शिपाई समोरासमोरच्या लढाईत कमी आणि वाटेवर जास्त मेले, असं साहेब सांगत होता. वाट आयती म्हणून त्यांनी धरली, आणि वाटेतच खिळ्यांचे खड्डे, तारेला बांधलेले बॉम्ब. "जो रास्ता आसान, वो रास्ता दुश्मन का," साहेब म्हणाला. "सबक?" एक तरुण लेफ्टनंट म्हणाला, "वाट सोडायची, सर. बाजूनं, शेतातनं जायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वाटेवर गुलालाच्या चिमटी आकारामानं स्वतः टाकल्या होत्या, त्यामुळं त्याला तर ते पाठच झालं.

पुढं त्र्याहत्तरला कालव्याची लढाई झाली. नवी वाळू मागवली तर नाकारली गेली. आकारामानं व्हिएतनाम घमेल्यात भरला, चाळला आणि सुएझ केला.

*

पेन्शनीत आल्यावर त्याचं बरं चाललं होतं. भाद्रपदात गणपती, बेंदराला बैल, बाकी वर्षभर दिलदारच्या फळीवर जगाचं राजकारण. एकुलता एक पोरगा ज्ञानू पलटणीत भरती झाला तेव्हा आकारामानं पेढे वाटले. पोरगा खरी बंदूक घेऊन खऱ्या जमिनीवर उभा राहणार, याचं त्याला अप्रूप होतं. बायको बाळाबाई म्हणाली, "अवो, त्येलाबी वाळूच दिऊ द्या की सरकारनं. काय बिघडतंय?"

सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला ज्ञानू रजेवर आला. कबनूरच्या एका लूमवाल्याची मुलगी बघून ठेवली होती, सुपारी फुटली होती. लग्नाआधी एक खोली वाढवायची म्हणून अंगणात विटा पडल्या, दुधगंगेच्या वाळूचा ढीग पडला, आणि हंबीरराव गवंडी रोज सकाळी येऊन चहा पिऊन जाऊ लागला. नाव हंबीरराव असलं तरी माणूस कधी घाईनं चालून गेला असं कोणी बघितलं नव्हतं.

पाया खणून झाला आणि तार आली. रजा रद्द. पलटण श्रीलंकेत गेली होती. ज्ञानूनं मद्रासला हजर व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू आंघोळ करून मोरीतनं बाहेर येतो तो अंगणात आबा गुडघ्यावर. वाळूचा ढीग पसरलेला. बांध घातलेले, खाचरं खोदलेली, लिंबाचे डहाळे खोवून झाडी केलेली. बाळाबाईच्या निळीची पुडी रिकामी पडली होती आणि देव्हाऱ्यातला गुलाल गायब होता.

"आबा, गाडी धाची हाय!"

"गाडी थांबतीया. हिकडं ये. हुबा ऱ्हा."

"अवो, त्या पोराला दोन घास तर खाऊ द्या," बाळाबाई चुलीपासनं ओरडली.

आकारामाच्या हातात बांबूची छडी होती. छडी घेतली की त्याचा आवाज मेजरसाहेबासारखा व्हायचा, फक्त कागलातनं. "ही बग वाट. दोनी अंगानं शेतं. तू हितनं आलास. पुढं गाव. काय करशील?"

"गावात जाईन."

"मेलास!" छडी वाळूवर आपटली. "आयती वाट दिसली की ती दुश्मनाची समजायची. अमेरिकेसारखी अमेरिका हितं ठेचाळली. वाट सोडायची आणि बाजूच्या उसात शिरायचं."

"आबा, तितं ऊस न्हाय."

"मग काय हाय?"

"मला तरी काय ठावं? ताडाची झाडं हाईत म्हणत्यात."

"मग ताडातनं जायाचं! वाट दिसली की?"

"सोडायची."

"परत म्हण."

"वाट दिसली की सोडायची. आबा, दिलदारकाका आलाय बगा."

दिलदार सायकल घेऊन दारात उभा होता. ज्ञानूची ट्रंक स्टँडवर न्यायला आला होता. त्यानं अंगणावर नजर टाकली. "हवालदार, रावणाची लंका दुधगंगेच्या वाळूत बसवली व्हय? मारुती कुठं दिसंना."

"मारुती निघालाय की धाच्या गाडीनं," ज्ञानू म्हणाला, आणि सगळे हसले. बाळाबाई हसली नाही. तिनं दह्याचा चमचा पोराच्या हातावर घातला आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

स्टँडवर गाडी सुटताना ज्ञानूनं खिडकीतनं डोकं काढलं आणि मोठ्यानं ओरडला, "वाट दिसली की सोडायचीऽऽ!" गाडीतली माणसं बघायला लागली. आकाराम फुगला. आयुष्यभर कनातीला टेकून ऐकलेली एक गोष्ट शेवटी कुणाच्या तरी कामी येणार होती. आणि तो कुणीतरी त्याचा स्वतःचा होता.

*

मग रेडिओवर रोज तिकडच्या लढाईच्या बातम्या यायला लागल्या. दिलदारच्या दुकानात रेडिओ होता. बातम्या लागल्या की दिलदार पंप खाली ठेवायचा. बाई अगदी साध्या आवाजात गावांची नावं सांगायची, जी कुणाला उच्चारता यायची नाहीत, आणि मग हवामान सांगायची. ज्ञानूचं पत्र नव्हतं.

अंगणातली वाळू आकारामानं मोडली नाही. रोज सकाळी झारीनं शिंपडायचा, ढासळलेला बांध थापटायचा. वर्तमानपत्रात नकाशा आला तर तो समोर धरून एखादा काठ पुढंमागं सरकवायचा. हंबीरराव येऊन चहा पिऊन म्हणायचा, "हवालदार, वाळू द्या की. भिंत चढवतो."

"थांब जरा. लढाई चाललीया."

"मला काय, मी थांबतो," हंबीरराव म्हणायचा. थांबणं त्याला कधीच जड गेलं नव्हतं.

गल्लीतल्या बाया येऊन बघून जायच्या. सगळ्यांचा प्रश्न एकच, ह्यात ज्ञानू कुठं हाय? आकाराम छडी फिरवायचा, हा समुद्र, हा किल्ला, ही रेल्वे असं सांगायचा, आणि त्या प्रश्नाशी आला की छडी हवेतच राहायची. सगळ्या जगाच्या लढाया मांडल्या त्यानं. कोणाची पलटण कुठं होती ते साहेब आधी सांगायचा. आता सांगणारं कोणी नव्हतं.

एका सकाळी बाळाबाई सडा टाकायला आली आणि बादली हातात तशीच धरून वाळूपाशी उभी राहिली. इतके दिवस ती तिकडं बघायचीच नाही. वळसा घालून जायची.

"अवो, ही पाणंद न्हवं?" शेतांमधनं जाणाऱ्या गाडीवाटेला कागलात पाणंद म्हणतात.

"कसली पाणंद? ही वाट हाय. तिकडली."

"तिकडली कशी आसंल? ही आपली मळ्याकडची पाणंद. ह्यो बगा तिचा वळसा. हितं इहीर, हिकडं बांबूचं बेट, हितं आंबा. ह्या आंब्याखाली मी तुमच्या बाची भाकरी घिऊन जाताना पडल्येली. आणि ही खाचरं तुमच्या मामाच्या गावची, राधानगरीकडची. चढ तर बगा की, तसाच."

"काय तरी बडबडू नगंस," आकाराम म्हणाला.

ती बादली घेऊन गेली. आकाराम तिथंच बसला. त्यानं वळसा बघितला, विहीर बघितली, आंबा बघितला. मग मासिकातले ते फोटो आठवायला लागला. फोटोत विहीर नव्हती. आंबा तर नव्हताच. व्हिएतनाम त्यानं जन्मात बघितला नव्हता; साहेबानंही बघितला नव्हता. भाताच्या चार खाचरांचा फोटो बघून त्याच्या हातांनी त्यांना माहीत असलेली जमीन उभी केली होती. दहाबारा बॅचचे साहेबलोक कागलच्या पाणंदीवर अमेरिकेची लढाई शिकून गेले होते. 'वाट सोडायची आणि बाजूनं जायचं' म्हणताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होता तो आकारामाचा ऊस. कागलच्या उसात फार तर उंदीर असतो, नाहीतर दिवसाढवळ्या कांडं मोडून खाणारं एखादं पोर. तिकडं वाटेच्या बाजूला काय असतं? त्याला माहीत नव्हतं. मेजरसाहेबालाही माहीत नव्हतं. आणि तंबूत माना डोलावणारे ते लेफ्टनंट आता कर्नल झाले असतील.

आधी त्याला हसू आलं. दिलदारला सांगायला पाहिजे, असं वाटलं. मग त्याच्या कानात एस.टी.च्या खिडकीतनं आलेली ती आरोळी घुमली, आणि तो पायात चपला न घालताच पोस्टात गेला.

"ट्रंक कॉल लावायचाय."

"कुठं?" खिडकीतला पोरगा कागद ओढत म्हणाला.

"छप्पन ए.पी.ओ."

"जिल्हा?"

"जिल्हा न्हाय त्येला. मिलिटरीचं टपाल असतंय ते."

"मग फोन कसा लागंल, मामा? गाव सांगा, गाव."

"गाव मला ठावं असतं तर..." मागं उभा असलेला एक पावणा म्हणाला, "आवरा की वो, माझी गाडी चुकंल." आकारामानं अंतर्देशीय पत्र घेतलं आणि तिथंच उभ्यानं लिहिलं. 'चि. ज्ञानूस आशीर्वाद. वाटेचं मी जे सांगितलं ते विसरून जा. ती जमीन वेगळी होती. तुझे साहेब सांगतील तसं कर. आई ठीक आहे.' पेटीत टाकल्यावर त्यानं हात आत घालून बघितला, पत्र खाली पडलं की अडकलं. खाली पडलं होतं.

त्या दिवसापासनं त्याचं छडी धरणं सुटलं. वाळूला पाणी मात्र घालत राहिला. न घालावं तर भीती वाटायची.

*

तार पुण्याहून आली. ज्ञानू जखमी, मिलिटरीच्या दवाखान्यात आहे, भेटायला या. दिलदारनं दुकान बंद केलं आणि दोघांना रात्रीच्या गाडीत बसवून दिलं. त्या दिवशी त्यानं एकही चेष्टा केली नाही, म्हणून बाळाबाई जास्त घाबरली.

ज्ञानू लोखंडी खाटेवर उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली, चेहरा उतरलेला. चादरीखाली दोन पावलं नव्हती, एकच होतं. डावा पाय गुडघ्याखाली संपला होता. बाळाबाईनं चादरीवर हात फिरवत आणला आणि जिथं चादर सपाट झाली तिथं तो हात थांबला. तिनं तो तिथनं काढलाच नाही.

"बसा की, आबा," ज्ञानू म्हणाला. "हुबं काय ऱ्हायलाय परेडीला आल्यागत."

आकाराम स्टुलावर बसला. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "कसं झालं?"

"गावाकडं निघालतो आमी. वाट हुती, दोनी अंगानं ताडाच्या झावळ्यांचं कुंपण. साहेब म्हणालं, वाट सोडा, कुंपणाच्या कडंनं चला. मी मागच्याला म्हटलं, बग, माझा आबाबी ह्येच सांगत हुता." तो हसला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "कुंपणाच्या बुडात पुरून ठेवल्यालं. माझ्याच पायाखाली निघालं. आबा, त्येंनीबी तीच पुस्तकं वाचली असणार बगा. अमेरिका वाटंवर मेली, आता जो येणार त्यो वाट सोडून येणार, ह्ये त्येंनी आदीच धरलं. वाटंवरनं एक कुत्रं गेलं आमच्या म्होरनं, निवांत. त्येला कायबी झालं न्हाय."

आकारामानं खाली बघितलं. दवाखान्याची फरशी स्वच्छ होती. तिच्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"माझं पत्र मिळालं?"

"कुठलं पत्र?"

"कुठलं न्हाय. खुशालीचंच."

"मिळंल की. सावकाश येत्यात तिकडं."

इतक्यात एक तरुण कॅप्टन आला. बोलायला गोड, हातात पॅड. त्यानं आकारामाला नमस्कार केला, माजी हवालदार म्हटल्यावर हातही मिळवला. तो वॉर्डातल्या प्रत्येकाला एकच विचारत फिरत होता. कुठं, कसं, वाटेपासनं किती लांब, पाय कुठला. ज्ञानूनं सांगितलं. कॅप्टननं कागदावर कुंपण काढलं, वाट काढली, पण ते त्याला जमेना. झावळ्या माणसांसारख्या दिसायला लागल्या.

आकारामाच्या हातांना राहवेना. ज्ञानूच्या जेवणाचं ताट पायथ्याशी तसंच पडलं होतं. त्यानं ते ओढलं, भात बोटांनी सारून मधनं वाट काढली, दोन्ही कडांना मेथीच्या भाजीची कुंपणं केली आणि ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानूनं चमच्याच्या टोकानं एका बाजूला जागा दाखवली. आकारामानं लोणच्याच्या फोडीची चिमूटभर लाली तिथं ठेवली.

"वाह," कॅप्टन म्हणाला. "साब, ये तो सँड मॉडेल है!" तो वाकून कागदावर उतरवून घेऊ लागला. "अगली बॅच के काम आएगा."

"साब," आकाराम म्हणाला. त्याचा आवाज अगदी कनातीजवळून आल्यासारखा होता. "सबक क्या निकला?"

कॅप्टननं पेन्सिल थांबवली. वाटेवर जाऊ नये, तर कडेनं जावं; कडेनं जाऊ नये, तर वाटेवर यावं. आणि तो सबक फळ्यावर लिहून वाळेपर्यंत समोरच्यानं कुठं काय पुरलेलं असेल? ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. पोरगा प्रामाणिक होता, काहीतरी ठोकून देता आलं असतं, ते त्यानं दिलं नाही. पॅड मिटून तो म्हणाला, "सोचेंगे, साब," आणि पुढच्या खाटेकडं गेला.

बाळाबाईनं ताट पुढं ओढलं, वाट आणि कुंपण एकत्र कालवलं आणि ज्ञानूला घास भरवायला लागली.

*

ज्ञानू कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा थंडी सरली होती. कबनूरची माणसं येऊन गेली. पोहे खाल्ले, चहा घेतला, मुलीचा बाप ज्ञानूच्या कुबड्या सोडून घरातल्या सगळ्या वस्तूंकडं बघत होता. जाताना म्हणाला, "कळवतो की." कळवलं नव्हतं, आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

हंबीरराव रोजच्यासारखा चहा पिऊन थांबला होता. आकारामानं एका सकाळी काही न बोलता चाळणी घेतली आणि अंगणातली वाळू चाळायला बसला. विहीर गेली, आंबा गेला, वळसा गेला. नीळ आणि गुलाल चाळणीतनं खाली पडले; ते काही वाळूपासनं वेगळे निघेनात.

"असू द्या, गिलाव्यात दिसत न्हाय ते," हंबीरराव म्हणाला. भिंती झपाट्यानं चढल्या, हंबीररावाच्या मानानं. दाराची चौकट उभी राहिली आणि तो उंबऱ्याचा दगड घेऊन आला. "किती उंच धरू, हवालदार?"

"धरूच नगंस," आकाराम म्हणाला.

"म्हंजे?"

"उंबराच नगो. सपाट ठेव."

"ह्ये कुणी सांगितलं?" बाळाबाई आतनं आली, हाताला पीठ. "उंबऱ्याबिगर कुठं खोली असती व्हय? लक्षुमी कुठनं यील? आणि सून आली म्हंजे माप कुठं ओलांडंल ती?"

'सून' म्हटल्यावर आकारामाची नजर दाराकडं गेली. ज्ञानू बाहेर विटांवर बसला होता, कुबड्या भिंतीला लावून.

"अगं, त्येला अडखळाय हुईल," आकाराम हळू म्हणाला. "कुबडी अडकंल. पडंल त्यो."

"आबा," ज्ञानू म्हणाला, "उंबरा ऱ्हाऊ द्या. दिसतोय की मला त्यो. दिसतंय त्येचं काय भ्या?"

"पर रोज त्येच्यावरनं..."

"आणि उंबरा न्हाय म्हटल्यावर कबनूरवालं काय म्हणतील? पोराचं जमत न्हाय म्हणूनच काढलाय, म्हणतील."

"म्हणतीलच," बाळाबाई म्हणाली, आणि मग तिचं तिलाच वाटलं की हे बोलायला नको होतं. ती पीठ झटकायला लागली.

हंबीरराव दगड पोटाशी धरून उभा होता. दगड जड होता. "काय त्ये ठरवा बाबांनो. ठेवू का नगो?"

उंबरा ठेवावा तर पोरगं एखाद्या दिवशी पडणार. काढावा तर सून यायची ती येणार नाही. आकारामानं बायकोकडं बघितलं, पोराकडं बघितलं. मग त्याची मान, जुन्या सवयीनं असावी, फाटकाकडं वळली. छडी बगलेत मारून कोणीतरी आत येईल आणि काय ते सांगून टाकेल, असं वाटल्यासारखी.

फाटकातनं दिलदार आला. सायकल टेकवून त्यानं सगळ्यांची तोंडं बघितली. "काय झालं, हवालदार?"

आकारामानं दगडाकडं बोट दाखवलं. हंबीररावानं दगड परत खाली ठेवला, आणि म्हणाला, "मला काय, मी थांबतो."